सहाही वेगळे

फोटोवाल्याचा एक हट्ट साऱ्या गल्लीला पाठ होता. तीन माणसं फोटोला उभी राहिली की हा पठ्ठ्या लगेच बटण दाबेल? छे, नाव नको! आधी मधल्याला कडेला करणार, कडेच्याला मध्ये आणणार, मागं सरकून डोळे बारीक करणार, मान हलवणार आणि मग पुन्हा पहिल्यासारखंच उभं करणार. लोक वैतागायचे. "अहो, माणसं तीच आहेत, आम्हीच! काढा की आता." त्यावर हा शांतपणे म्हणायचा, "माणसं तीच असतील. फोटो तोच नाही."

आणि यात तो चुकत नव्हता, बरं का. एका घरच्या फोटोत त्यानं धाकट्या सुनेला सासूच्या शेजारी उभं केलं होतं आणि थोरलीला पार टोकाला. फोटो घरी पोचला आणि दोन्ही जावांचं बोलणंच बंद. शेवटी सारं खानदान पुन्हा नटूनथटून स्टुडिओत आलं, जागा बदलल्या, तेव्हा कुठे त्या घरात शांतता झाली. त्या दिवसापासून कोण कुठे उभं राहतं यापेक्षा मोठं जगात काही नाही, असं त्याचं पक्कं मत झालं होतं.

स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली. मागं निळा पडदा, दोन दिवे, एक फिरतं स्टूल आणि काऊंटर. हल्ली जो तो खिशात कॅमेरा घेऊन फिरतो, त्यामुळे स्टुडिओत माशा मारायचं काम जास्त. ओळखपत्रांचे फोटो, ऑफिसातले निरोपसमारंभ आणि वर्षातून एकदा शाळेतल्या वर्गांचे फोटो, एवढ्यावर गाडा चालला होता. बायको हॉस्पिटलात नर्स, म्हणून चालला होता असं म्हटलं तरी चालेल. तोही तसंच म्हणायचा, पण मनातल्या मनात.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी गोलमटोल होती म्हणून तिला ठमी म्हणायचे. आता अकरावीत गेली, उंच झाली, काडीसारखी बारीक झाली, तरी घरात ठमीच. ही ठमी मामाची लाडकी. मामा म्हणजे ठमीच्या आईचे थोरले भाऊ. पाणीपुरवठा खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, एकटेच दोन गल्ल्या सोडून राहायचे. गणितात काही अडलं की ठमी दप्तर उचलायची आणि थेट मामाकडे. मामाला ती "तू" म्हणायची, बापाला "तुम्ही". कुणी शिकवलं नव्हतं, आपोआपच पडलं होतं तसं. फोटोवाल्याला ते टोचायचं. पण सांगणार कुणाला? "मला तू म्हण" असं पोरीला सांगायला बाप काय लहान मूल आहे?

तर त्या रविवारी दुपारी बायको ड्यूटीवर होती आणि मामा जुन्या कुठल्याशा सहकाऱ्याकडे बाहेरगावी गेले होते. ठमी वही-पुस्तक घेऊन तोंड पाडून स्टुडिओत आली.

"मामा फोनच उचलत नाहीये. आणि उद्या सर फळ्यापाशी बोलावणार."

"काय अडलंय?"

"कॉम्बिनेशनची गणितं आहेत. राहू दे बाबा, तुम्हाला नाही..."

पुढचा शब्द तिनं गिळला, पण तो त्याला ऐकू आला. "आण इकडे," तो म्हणाला. "तुझा मामा जन्मायच्या आधीपासून गणित आहे जगात."

आता खरं सांगायचं तर शाळेत हा गणितात दरवर्षी काठावर तरून जायचा. पण हे ठमीला कुठे माहीत होतं? त्यानं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं: सात जणांमधून तिघांची समिती निवडायची आहे, तर ती किती प्रकारे निवडता येईल?

वाचलं आणि त्याला मनातून गंमतच वाटली. हात्तिच्या, एवढंच? हे तर आपलं रोजचं काम! काऊंटरच्या खणात गिऱ्हाइकांचे उरलेसुरले छोटे फोटो पडलेले असायचे. त्यानं त्यातले सात काढून ओळीनं मांडले.

"हे बघ. पहिल्या जागी किती जणांतलं कुणी उभं राहील?"

"सातातलं कुणीही."

"एक उभा राहिला. दुसऱ्या जागेला उरले सहा. तिसरीला पाच. सात सक बेचाळीस, बेचाळीस पंचे दोनशे दहा. झालं! यात रडण्यासारखं काय आहे?"

ठमीनं पुस्तकावर बोट ठेवलं. "पण इथं पुढे सहानं भागलंय. उत्तर पस्तीस येतंय. तीच तिघं सहा तऱ्हेनं मांडता येतात म्हणून भागायचं, असं काहीतरी लिहिलंय. तेच मला कळत नाहीये."

फोटोवाल्यानं पुस्तक जवळ ओढलं. सहानं का बरं भागलं असेल? मनात कुठेतरी पाल चुकचुकली. पुस्तक लिहिणारा काही अगदीच मूर्ख नसणार. पण समोर ठमी बसली होती, हनुवटी हातावर टेकवून, त्याच्याकडे बघत. किती वर्षांत ती अशी त्याच्या काऊंटरपाशी बसली नव्हती. त्यानं ती शंका तशीच खाली दाबली आणि तीन फोटो पुढे ओढले. एक मिशीवाला कारकून, एक म्हातारी, एक शाळकरी मुलगा. आधी म्हातारी मध्ये ठेवली, मग कारकून, मग मुलगा. सहा वेळा मांडलं, सहा वेळा विचारलं.

"हा आणि हा फोटो एकच आहे?"

"नाही."

"आणि हा?"

"तोपण नाही."

"मग! सहाही वेगळे. सहातला एक मोजायचा आणि पाच फेकून द्यायचे? गिऱ्हाईक मला जोड्यानं मारेल, ठमे. भागाकार करतो म्हणे! त्या पुस्तकवाल्यानं जन्मात कुणाला रांगेत उभं केलंय का?"

ठमी खुदकन हसली. मग त्या फोटोंकडे बघता बघता तिचा चेहरा असा उजळला म्हणता! "अय्या बाबा, तुला येतं की!" ती म्हणाली, आणि वहीतली पाचही गणितं तिनं तशीच भराभर सोडवून टाकली. एकाही ठिकाणी भागलं नाही.

"तुला" म्हणाली होती. फोटोवाला त्या दिवशी हरभऱ्याच्या झाडावर चढला तो उतरायलाच तयार होईना. बायको ड्यूटीवरून आली तेव्हा त्यानं स्वतः चहा टाकला, वर शीळ घातली. बायकोनं विचारलं, "काय हो, लॉटरी लागली का?"

"लेकीला गणित शिकवलं," तो म्हणाला, जणू रोजच शिकवतो.

सोमवारी ठमी शाळेतून आली ती दप्तर टाकून सरळ आतल्या खोलीत. हा मागोमाग दारात. "काय म्हणाले सर?"

"ठीक."

"ठीक म्हणजे? बरोबर आली का सगळी?"

"डोकं दुखतंय, बाबा. झोपू द्या ना."

झोपू "द्या". त्याच्या कानाला ते खटकलं, पण त्यानं मनावर घेतलं नाही. अभ्यास जास्त झाला असेल, झालं.

बुधवारी संध्याकाळी मामा आले. मामा यायचे ते दारातूनच हाका मारत यायचे. त्या दिवशी गुपचूप येऊन स्टुलावर बसले. ठमीच्या आईनं चहा ठेवला, ठमीला बाहेर बोलावलं. फोटोवाला लेन्स पुसत होता.

"काय गं ठमाबाई," मामा हसत म्हणाले, पण हसू काही डोळ्यांत पोचलं नाही, "माझी चांगली वरात काढलीस की! सकाळी फिरायला गेलो, तर तुझे सर लांबूनच ओरडले, 'काय इंजिनिअरसाहेब, भागायला विसरलात वाटतं!' सगळे खो खो हसले. मला कळेचना. मग त्यांनीच सांगितलं."

"काय सांगितलं, दादा?" ठमीच्या आईनं विचारलं.

"ही म्हणे आपणहून हात वर करून फळ्यापाशी गेली. एरवी मागच्या बाकावर लपणारी पोर! तिघांच्या समितीचं गणित, त्याचं उत्तर लिहिलं दोनशे दहा. सर म्हणाले चूक. तर ही भांडायलाच उठली. सर, सहाही वेगळे असतात, पाच फेकून कसे द्यायचे! पोरं हसून हसून बेजार. आता तिला सगळे 'दोनशे दहा' म्हणून चिडवतात म्हणे. सरांनी विचारलं, कुणी शिकवलं हे? तर म्हणाली, मामानं."

फोटोवाल्याचा लेन्स पुसणारा हात थांबला. "पण मग... चूक काय आहे त्यात?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"अहो, चूक काय!" मामांनी काऊंटरवरच्या फळांच्या टोपलीतून एक सफरचंद, एक संत्रं, एक केळं उचललं आणि शेजारच्या पिशवीत टाकलं. मग बाहेर काढलं आणि उलट्या क्रमानं परत टाकलं. "पिशवी बदलली का? तीच तीन फळं ना? आधी केळं टाकलं काय आणि नंतर टाकलं काय. समितीत तेच तिघं असले तर समिती एकच. कोण कुठल्या खुर्चीत बसलं ते कोण बघतंय? रांग लावायची असेल तर दोनशे दहा. नुसतं निवडायचं असेल तर पस्तीस."

झालं. एका क्षणात सगळं लख्ख दिसलं त्याला. निवडणं वेगळं आणि उभं करणं वेगळं. जन्मभर माणसं उभी करत आला आणि माणसं निवडणं काय असतं ते त्याला कधी ठाऊकच नव्हतं, कारण ती आधीच निवडून त्याच्यापुढे यायची. त्याच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पोरीला त्यानं स्वतःच्या हातानं फळ्यापाशी पाठवलं होतं, हसं करून घ्यायला.

"चिडवाचिडवीचं काही नाही हो," मामा पुढे म्हणाले. "पण सरांनी मला शनिवारचा वर्ग घ्यायला सांगितलं होतं ना, कच्च्या मुलांचा. आज म्हणाले, जरा थांबून बघू." एवढं बोलून ते आपल्या बोटांकडे बघत राहिले. त्या वर्गासाठी त्यांनी रंगीत खडूंचा खोका आणून ठेवला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. निवृत्त झाल्यापासून त्यांना पहिल्यांदा कुणीतरी कशालातरी बोलावलं होतं. "पण ठमे, मी तुला असं कधी शिकवलं गं? मला तर आठवत नाही."

ठमीनं वर पाहिलं. मामाकडे नाही, बापाकडे. नुसतं एकदा पाहिलं.

ही वेळ होती. "दादा, तो गाढवपणा माझा," एवढंच तर म्हणायचं होतं! मामा हसले असते, बायकोनं चार टोमणे मारले असते, आणि चहा निवायच्या आत विषय संपला असता. पण फोटोवाल्याची जीभ टाळूला चिकटली. आणि सुटली तेव्हा भलतंच बोलली.

"फोनवर घाईत सांगितलं असेल तुम्ही, दादा. विसरला असाल."

मामांचं हसू मावळलं. त्यांनी पिशवीतली फळं एकेक करून परत टोपलीत ठेवली. "असेल बुवा," ते हळू म्हणाले. "असेल. आमच्या आबांचं असंच सुरू झालं होतं."

ठमीच्या आईच्या हातातली किटली हवेतच राहिली. आबा म्हणजे तिचे वडील. शेवटी शेवटी ते पोटच्या पोरांना "आपण कोण?" म्हणून विचारायचे.

मामा चहा अर्धा टाकून गेले. ठमी आत गेली आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं फोटोवाला तिथं जाऊन उभा राहिला, कानकोंडा होऊन, आपल्याच घरात पाहुण्यासारखा.

"ठमे, तू मामांचं नाव का सांगितलंस?"

ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. "सगळे हसत होते. तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्हाला हसले असते. शाळेत फोटो काढायला येणार ना तुम्ही." मग म्हणाली, "मामाला काय, तो हसून सोडून देईल असं वाटलं. तुम्हाला हसता आलं नसतं, बाबा."

"मग मघाशी तूच का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुम्ही बोलाल."

सोळा वर्षांच्या पोरीनं बापाला नीट ओळखलं होतं, त्याच्या सगळ्या लबाडीसकट. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. पण घराची जमीन फरशीची, ती कुठली दुभंगायला!

दुसऱ्या दिवशी बायको सांगत आली. "दादा डॉक्टरांकडे जायचं म्हणतोय. गॅस बंद केला का म्हणून दहादा बघतोय. तुम्हाला काय वाटतं हो, खरंच विसरत असेल?" तिचे डोळे भरून आले होते. हॉस्पिटलात इतकी माणसं रोज बघणारी बाई, पण भावाच्या बाबतीत पार हलली होती.

"नाही गं," तो म्हणाला. आणि का नाही, ते काही सांगितलं नाही.

मग मात्र त्याला राहवेना. स्टुडिओ बंद केला आणि निघाला मामांकडे. वाटेत वाक्य घोकत होता. दादा, ते मी शिकवलं होतं. दादा, ते मी शिकवलं होतं. मामांनी दार उघडलं आणि त्यांना एवढा आनंद झाला की हाताला धरून आत नेलं. "बरं झालं आलात. मला एक सांगा, मी रविवारी ठमीला फोन केला होता का? फोनमध्ये तर दिसत नाही. पण पुसलाही गेला असेल माझ्याच हातून. मी म्हणे हल्ली काहीही करतो." आणि ते हसले, घाबरलेलं माणूस हसतं तसं.

"दादा..." फोटोवाला म्हणाला.

"काय हो?"

"दादा, तुमची शिडी हवी होती. उद्या शाळेत वर्गाचा फोटो आहे."

शिडी! त्याच्या स्वतःच्या घरी चांगली शिडी होती. मामांनी बिचाऱ्यांनी कौतुकानं शिडी पुसून दिली, "जपून चढा" म्हणून सांगितलं. आणि हा शहाणा ती नको असलेली शिडी खांद्यावर घेऊन दोन गल्ल्या चालत आला. वाटेत भेटेल तो विचारत होता, "काय फोटोवाले, रंगकाम काढलं का?" आणि हा मान हलवत होता.

घरी आपली शिडी असताना दुसऱ्या दिवशी त्यानं मामांचीच शाळेत नेली. का नेली, त्याचं त्यालाच ठाऊक.

मैदानात ठमीचा वर्ग आला. पुढची रांग खुर्च्यांवर, मधली उभी, मागची बाकांवर चढलेली. गणिताचे सर मधल्या खुर्चीत. फोटोवाला शिडीवर चढला आणि सवयीनं सांगायला लागला, तू इकडे, तू तिकडे, उंच मुलं मागं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आवाज आला, "काका, आम्हाला दोनशे दहा प्रकारे उभं करणार का?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मधल्या रांगेत ठमीचे कान लाल झाले.

"ए, गप्प रे," सर म्हणाले, पण तेही गालात हसले. "दोनशे दहा मामांच्या हिशेबानं!"

आणि नेमके त्याच वेळी मामा फाटकातून आत आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात रंगीत खडूंचा खोका. ते सरांपाशी गेले आणि खोका त्यांच्या पुढ्यात धरला.

"हे शाळेत ठेवा, सर. शनिवारचं माझं राहू दे. डोक्याचा भरवसा नाही राहिला. पोरांना उलटसुलट शिकवून बसायचो आणि मला पत्ताही लागायचा नाही."

"अहो मामा, एवढ्याशा चुकीवरून..."

"चुकीचं नाही हो काही. चूक कुणाचीही होते. पण मला ती आठवत नाही, ते वाईट."

फोटोवाल्यानं वरून पाहिलं. मामांच्या डोक्यावरचे पांढरे केस, त्यांनी नीट विंचरलेले. खाली ठमी. ती मामाकडे बघत होती आणि तिनं तोंड उघडलं होतं. आता ही बोलणार, त्याला वाटलं. आता बापासाठी पुन्हा हीच बोलणार.

"सर!" तो ओरडला. आवाज फाटला. "ते मामांनी नाही शिकवलं. मी शिकवलं."

सरांनी मान वर केली. "पण तुमची मुलगी तर मामांचं नाव..."

सगळा वर्ग ठमीकडे वळला. हे मेलं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं! आपण खरं बोललो की पोरगी खोटी पडते. इतका वेळ फक्त स्वतःच्या तोंडाचा विचार केला, आणि आता वाचवायला निघाला तर तिलाच उघडं पाडलं.

"तिला बोलू नका, सर. तिनं माझी लाज राखली. शाळेत मला कुणी हसू नये म्हणून." त्यानं शिडीची दांडी घट्ट धरली. "मला येत नव्हतं. पुस्तकात बरोबर लिहिलं होतं, तेही मी तिला खोटं ठरवायला लावलं. आणि दादा... तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुम्हालाच म्हटलं, तुम्ही विसरलात. मला सगळं कळत होतं, तरी म्हटलं."

हे शेवटचं बोलायला सगळ्यात जड गेलं. मामा एक पाऊल पुढे आले.

"म्हणजे मी फोन केलाच नव्हता?"

"नाही, दादा."

"नक्की?"

"नक्की. देवाशपथ."

मामा खुर्चीच्या कडेला टेकले. आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते. "अहो, मग मी ठणठणीत आहे की! सर, ऐकलंत ना? मी ठणठणीत आहे!" त्यांनी खडूंचा खोका छातीशी धरला, एखाद्या लहान पोरासारखा.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "काय माणूस आहेस रे तू" म्हणून चारचौघांत झाडलं असतं, तर फोटोवाला खाली मान घालून ऐकून घेऊन मोकळा झाला असता. पण मामांना रागवायची आठवणच झाली नाही, इतका त्यांना आनंद झाला होता. तो आनंद बघून याला शरमेनं तोंड लपवायला जागा उरली नाही. दोन दिवस आपण या माणसाला कुठल्या भीतीत ठेवलं होतं, ते त्याला तेव्हा कळलं.

सर खाकरले. "मामा, उद्या शनिवार आहे. वर्गाला वेळेवर या. आणि आता फोटोत या."

"मी? बरं. कुठं उभा राहू?" मामांनी वर बघत विचारलं.

एरवी त्यानं त्यांना चार जागी उभं करून पाहिलं असतं. "कुठेही उभे राहा, दादा," तो म्हणाला.

मामा मधल्या रांगेत ठमीच्या शेजारी जाऊन उभे राहिले. फोटोवाल्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला. सगळे त्याच्याकडे बघत होते. ठमी खाली, मातीकडे बघत होती. दरवर्षी एकाही पोराची नजर हलली की तो वरून ओरडायचा, "नजर इकडे!" एक पापणी मिटली तरी दुसरा फोटो काढायचा. त्या दिवशी त्याच्या तोंडून ते दोन शब्द निघाले नाहीत. त्यानं बटण दाबलं.

"अजून एक घ्यायचा का?" सरांनी विचारलं.

"नको. झाला."

शाळा सुटल्यावर तो शिडी परत द्यायला निघाला. फाटकाबाहेर मागचं टोक एकदम हलकं झालं. वळून पाहिलं तर ठमीनं ते खांद्यावर घेतलं होतं. मैत्रिणी बघत होत्या, तरी घेतलं होतं. तो पुढे, ती मागे, मध्ये मामांची शिडी. असेच गल्ली ओलांडून गेले.

"ठमे," तो पुढे बघतच म्हणाला, "मला गणित येत नाही गं. कधीच येत नव्हतं."

"माहितीये."

"केव्हापासून?"

"सोमवारी फळ्यापाशीच कळलं."

"मग घरी येऊन भांडली का नाहीस माझ्याशी?"

पायांचा आवाज येत होता, शिडी जरा कुरकुरत होती.

"रविवारी किती खूश होता तुम्ही," ती म्हणाली. "चहा केलात. शीळ घालत होता."

त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता, हे बरंच होतं. त्याला चालता चालता समोरचा रस्ता नीट दिसेना. डोळे पुसायचे तर एक हात सोडावा लागणार, आणि शिडीचं ओझं तिच्यावर पडणार. त्यानं दोन्ही हात तसेच ठेवले.

"हळू चाला, बाबा," ती मागून म्हणाली. "मला लागतंय."

तो हळू चालायला लागला.